गणिताचा प्राध्यापक आणि संततिनियमनाचे गणित

मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने १९२५ साली नोकरी सोडली. शिकवण्यात काही उणे नव्हते. कॉलेज मिशनऱ्यांचे होते आणि हा प्राध्यापक संततिनियमनावर उघडपणे लिहितो, बोलतो, त्याची साधनेही लोकांना पुरवतो, हे व्यवस्थापनाला रुचणारे नव्हते. हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा प्रश्न आल्यावर रघुनाथ धोंडो कर्वे यांनी नोकरी सोडली. पुढची अठ्ठावीस वर्षे त्यांनी ठरलेल्या पगाराविना काढली.

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल लिहा, असे बऱ्याच वाचकांनी सुचवले होते. ती सुरक्षित आहे का, पुढे मूल होण्यात अडचण येते का, पाळी का बिघडते, असे प्रश्न आमच्या सरकारी दवाखान्यात रोज येतात, बहुतेक वेळा खालच्या आवाजात आणि दाराकडे बघत. या विषयावर महाराष्ट्रात मोकळेपणाने बोलायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांना बाजूला ठेवून हे लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून आज र. धों. कर्व्यांची गोष्ट सांगते आणि त्यातच गोळीचीही.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचा. वडील म्हणजे पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, त्यावरून समाजाने त्यांना किती त्रास दिला ते मराठी वाचकाला ठाऊकच आहे. पण राधाबाईंच्या मृत्यूबद्दल आपण फारसे बोलत नाही. त्या काळी बाळंतपणात बाई जाणे ही बातमी नव्हती. रक्तस्राव, ताप, अडलेले मूल, आणि मागोमाग येणाऱ्या गर्भारपणांनी आधीच पोखरलेले शरीर. आईच्या मृत्यूमुळेच रघुनाथराव या कामाकडे वळले असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही, पण ज्या घरात ते वाढले तिथे बाळंतपणाची किंमत सर्वांना माहीत होती, एवढे खरे.

मुलगा हुशार. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला, पुढे फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली बी. ए. झाला. गणित हा त्याचा आवडता विषय. पहिले महायुद्ध संपल्यावर गणिताच्याच उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले आणि तिथून पदविका घेऊन आले. फ्रेंच भाषाही उत्तम आली. त्या भाषेतून युरोपातले कामशास्त्र, गुप्तरोग आणि संततिनियमनावरचे लेखन त्यांना थेट वाचता आले. इंग्रजीतून झिरपत आपल्याकडे यायला जे वीस वर्षे लागले असते, ते या माणसाने मुळातून वाचले होते.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले हे पहिले. त्याच वर्षी मार्च महिन्यात मारी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला होता. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली उघडलेला दवाखाना पोलिसांनी दहा दिवसांच्या आत बंद पाडला होता. म्हणजे मुंबई या बाबतीत जगाच्या मागे नव्हती. मागे होते ते ऐकणारे.

१९२१ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये लुडविग हाबरलांट नावाच्या शास्त्रज्ञाने गाभण सशिणींची बीजांडे दुसऱ्या सशिणींच्या अंगात बसवली, तर त्या सशिणींना काही काळ गर्भ राहीना. बीजांडातून येणारे काहीतरी रसायन नवे बीज बाहेर पडू देत नाही, असे त्याने मांडले. आजच्या सगळ्या गर्भनिरोधक गोळ्यांचे मूळ तिथे आहे. पण पहिली रोजची गोळी अमेरिकेत गर्भनिरोधासाठी मंजूर झाली १९६० साली, आणि कर्वे वारले १९५३ साली. आयुष्यभर ज्या सोप्या साधनाची गरज ते सांगत राहिले, ते त्यांना बघायला मिळाले नाही.

मग त्यांच्या काळात होते काय? रबरी टोपी, निरोध, शुक्रजंतू मारणारी औषधे. एवढ्यावर सगळे. ही साधने वापरायला माहिती लागे, पैसे लागत, नवऱ्याचे सहकार्य लागे आणि घरात थोडा एकांत लागे. चाळीतल्या एका खोलीत सासू-सासरे, दीर, मुले यांच्यासह राहणाऱ्या बाईला यातले काय मिळत असेल? साधन वापरलेच नाही किंवा फाटले, तर नंतर काय करायचे याला तेव्हा शास्त्रीय उत्तर नव्हते. युरोप-अमेरिकेत बायका संबंधानंतर योनिमार्ग पाण्याने, व्हिनेगरने, अगदी लायसॉलसारख्या जंतुनाशकानेही धूत असत. त्याने आग व्हायची, जखमा व्हायच्या आणि गर्भ राहायचा तो राहायचाच, कारण शुक्रजंतू काही मिनिटांत गर्भाशयाच्या मुखातून आत गेलेले असतात. आपल्याकडचे कच्ची पपई, गरम पदार्थ, पायऱ्या चढणे-उतरणे आणि उड्या मारणे हे उपाय तर आजही ऐकू येतात. त्यांनी काही होत नाही.

एवढेच काय, महिन्यातल्या कोणत्या दिवसांत गर्भ राहतो हेही १९२१ साली कोणाला नक्की माहीत नव्हते. जपानच्या ओगिनो यांनी १९२४ साली आणि त्यानंतर ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी, पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडते, हे दाखवले. बाहेर पडलेले बीज जेमतेम एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे संबंध आला त्याच क्षणी गर्भ राहतो असे नाही. अनेकदा शुक्रजंतू आत वाट बघत असतात आणि बीज दोन-तीन दिवसांनी येते. तातडीची गोळी काम करते ती नेमकी या मधल्या वेळेत.

ही गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक, दीड मिलिग्रॅम, एकच मात्रा. ती बीज बाहेर पडणे पुढे ढकलते. तोपर्यंत वाट बघणारे शुक्रजंतू मरून जातात. बीज आधीच बाहेर पडले असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, आणि गर्भ रुजला असेल तर ती त्याला काहीही करू शकत नाही. म्हणून ही गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भपाताची औषधे वेगळी, त्यांचा कायदा वेगळा आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. ही गल्लत किती महागात पडते ते मी पाहते. दुकानात घाईघाईत बाई म्हणते, गोळी द्या, आणि तिच्या हाती गर्भपाताचे पाकीट येते. पाळी चुकलेलीही नसताना ते घेऊन रक्तस्राव सुरू झालेल्या बायका दवाखान्यात येतात. वेष्टनावरचे नाव वाचून घ्या, औषधाचे नाव लेव्होनॉरजेस्ट्रेल आहे ना ते बघा. विचारायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून न्या.

वेळेबद्दल पक्की आकडेवारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे दोन हजार स्त्रियांवर केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. जेवढे गर्भ राहण्याची अपेक्षा होती त्यांपैकी पहिल्या चोवीस तासांत गोळी घेतलेल्या स्त्रियांमध्ये ९५ टक्के टळले, दुसऱ्या दिवशी घेतलेल्यांत ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी ५८ टक्के. बाहत्तर तासांपर्यंत चालते हे खरे, पण त्याचा अर्थ बाहत्तर तास थांबावे असा नाही. सकाळ होऊ दे, रविवार जाऊ दे, बाजारच्या दिवशी तालुक्याला जाऊ, यात गोळीची अर्धी ताकद जाते.

कर्व्यांकडे परत येते. नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षांनी, १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. मुखपृष्ठावर अनावृत स्त्रीचे चित्र असे. लोक मासिक वाचत ते लपवून, आणि नावे ठेवत ती मात्र उघडपणे. आत लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन, विवाह, धर्म यांवर रोखठोक लेख. ‘शारदेची पत्रे’ या सदरात तर एका बाईच्या नावाने समाजाच्या दुटप्पीपणाची खिल्ली उडवलेली असे. मासिक तोट्यात चाले. ‘राइट एजन्सी’ या नावाने साधने विकून जे मिळे, त्यावर घर आणि मासिक दोन्ही ओढायचे. तरी अंक निघत राहिले, सव्वीस वर्षे.

मला या मासिकातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो वाचकांच्या प्रश्नांचा. पत्रे येत आणि कर्वे त्यांना उत्तरे देत, थोडक्यात, कोरड्या भाषेत, कोणाच्याही चारित्र्याची चौकशी न करता. आज डॉक्टर म्हणून मला तो कोरडेपणा औषधासारखा वाटतो. विचारणाऱ्याला उपदेश नको असतो, उत्तर हवे असते. आमच्या क्षेत्रातले कितीतरी लोक अजून आधी लग्न झाले आहे का विचारतात आणि मग औषधाचे बोलतात. औषध दुकानांतही तेच. शिर्डीत दर्शनाला येणाऱ्यांच्या गर्दीमुळे दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात, हॉटेलांत, लॉजवर, हारफुलांच्या दुकानांत काम करायला बाहेरगावच्या कितीतरी मुली-बायका इथे राहतात, आणि त्यांच्यातली एखादी गोळी मागायला गेली की काउंटरवरची चार डोकी वळून बघतात. ही गोळी भारतात २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. चिठ्ठी लागत नाही याचा अर्थ चौकशीही लागत नाही.

तर प्रश्नांची उत्तरे त्यांच्याच पद्धतीने देते.

त्रास काय होतो? वर सांगितलेल्या अभ्यासात साधारण चौघींपैकी एकीला मळमळ झाली, उलटी झाली ती शंभरात सहाजणींना. ओटीपोटात दुखणे, डोके दुखणे, थकवा, चक्कर, छाती हुळहुळणे हेही काहींना होते आणि एक-दोन दिवसांत जाते. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक गोळी घ्यावी लागते. काही खाऊन घेतली तर पोटाला बरे वाटते, पण त्यासाठी उशीर करू नये.

पाळीचे काय? इथे सर्वांत जास्त घाबरणे होते. मधेच थोडे रक्त जाणे, पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येणे, एखादी पाळी नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी जाणे हे अपेक्षित आहे, कारण गोळीने त्या महिन्याचे वेळापत्रकच हलवलेले असते. बहुतेकींना ठरल्या तारखेच्या आठवडाभर मागेपुढे पाळी येते. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर लघवीची गर्भचाचणी करावी. आणि थोडे रक्त गेले म्हणजे पाळी आली, असे धरून चाचणी टाळू नये. पोटात एका बाजूला जोरात दुखू लागले, भोवळ आली, तर थेट दवाखाना गाठावा, गर्भ नळीत राहिला नाही ना ते पाहावे लागते. गोळीमुळे तसे होण्याचा धोका वाढत नाही, पण गोळी निष्फळ ठरली तर ही शक्यता तपासणे आमचे काम आहे.

पुढे मूल होईल का? होईल. ही गोळी काही दिवसांत शरीरातून निघून जाते, वंध्यत्व आणत नाही. उलट त्याच महिन्यात पुढे संबंध आला तर गर्भ राहू शकतो, कारण बीज फक्त पुढे ढकललेले असते. कित्येकजणी इथेच फसतात. गोळी घेतली आता महिनाभर काळजी नाही, असे समजतात. गोळी मागच्या वेळेसाठी असते, पुढच्या वेळेसाठी नाही.

गोळी घेऊनही गर्भ राहिला तर बाळात व्यंग येते का? तसे आढळलेले नाही. दूध पाजणाऱ्या आईला चालते. रोजच्या संयुक्त गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा थोडा धोका असतो आणि काही आजारांत त्या टाळाव्या लागतात. तातडीच्या गोळीत इस्ट्रोजेन नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्या बाईलाही ती नाकारण्याचे कारण नाही.

मात्र एक गोष्ट दुकानात कोणी विचारत नाही, ती इथे ठळकपणे सांगते. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन, फिटच्या उपचारातली फेनिटॉइन व कार्बामाझेपिन, एचआयव्हीच्या औषधांपैकी एफाविरेन्झ, ही औषधे यकृताला गोळीचा निचरा लवकर करायला लावतात. मग गोळीचा जोर कमी पडतो. वजन बरेच जास्त असेल तरीही तसेच. अशा स्त्रियांनी तांबी बसवून घ्यावी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा तातडीच्या गर्भनिरोधाचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, शंभरात नव्याण्णवांहून जास्त वेळा यश देणारा, आणि पुढची पाच किंवा दहा वर्षे काळजी मिटते ती वेगळीच. आश्चर्य म्हणजे हे फार थोड्यांना माहीत आहे. जाहिरात गोळीची होते, तांबीची कोण करणार?

वारंवार घेतली तर? विष नाही, पण शहाणपण नाही. पाळीचा गोंधळ होत राहतो आणि रोजच्या साधनांइतकी खात्रीही मिळत नाही. महिन्यातून दोनदा गोळी घ्यावी लागत असेल तर दुसरे साधन शोधायची वेळ आली आहे. आपल्याच लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने काढलेली, संप्रेरक नसलेली, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा आणि तीन महिन्यांनंतर एकदा घ्यायची ‘छाया’ गोळी, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, तांबी आणि निरोध सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. तातडीची गोळीही आहे आणि आशाताईंकडेही असते. निरोध सोडून यातले काहीही गुप्तरोगांपासून वाचवत नाही, आणि कर्व्यांनी गुप्तरोगांपासून बचावावर वेगळे पुस्तकच लिहिले होते.

अत्याचार झालेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी. तिला कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यात ही गोळी येते. आधी तक्रार, मग उपचार, असा क्रम नाही.

आता खटले. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. शंभर रुपये दंड झाला, अपीलही फेटाळले गेले. दुसरा खटला १९३४ चा. या वेळी कारण होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे, म्हणजे नेमका तो भाग ज्याचे मी वर कौतुक केले. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दल लोकांनी विचारले होते आणि कर्व्यांनी शास्त्राला धरून उत्तरे दिली होती. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेलेले, देशभर नाव झालेले, कामाचा डोंगर समोर. असा माणूस एका तोट्यातल्या, बदनाम मासिकासाठी न्यायालयात उभा राहिला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनातले प्रश्न विकृत मानले तरी त्यांचे उत्तर ज्ञान हेच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला.

याचा धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या उपायांसाठी सरकारने प्रयत्न करावेत असा अशासकीय ठराव आला. भाषण तयार केले होते आंबेडकरांनी, पण ते त्या दिवशी सभागृहात नव्हते. ठराव मांडला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नगर जिल्ह्यातून निवडून आलेले सदस्य प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. बाळंतपणांनी झिजणाऱ्या बायकांचे आरोग्य आणि गरिबांची हालाखी हे त्यातले मुख्य मुद्दे. ठराव मोठ्या बहुमताने पडला. नगरच्या लोकांना हे नाव माहीत असायला हवे, पण माझ्या ओळखीच्या डॉक्टरांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते.

विरोध फक्त सनातन्यांचा नव्हता. गांधीजींना ब्रह्मचर्य हाच एक उपाय मान्य होता. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी त्यांचे मत बदलले नाही. कर्वे गांधीजींवरही सडकून टीका करत. मुत्सद्देगिरी त्यांच्या अंगात नव्हती. लेखणी तिरकस, स्वभाव एकमार्गी, समोरच्याला सांभाळून घेणे माहीत नाही. थोडे गोड बोलले असते तर काम जास्त पसरले असते का, असा विचार माझ्या मनात येतो. आरोग्यशिक्षणाच्या प्रशिक्षणात आम्हाला तेच शिकवतात. पण गोड बोलणाऱ्यांनी त्या काळात हा विषय हातातही घेतला नव्हता, हेही आहेच.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र ते आपल्या सरकारी कार्यक्रमांच्याही पुढे होते. नंतरच्या काळात कुटुंबनियोजन म्हणजे लोकसंख्येचा आकडा आणि शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट असे समीकरण झाले, १९७६ साली तर त्याने फार वाईट रूप घेतले. कर्वे बोलत होते ते बाईच्या शरीराबद्दल. मूल हवे की नको हे तिने ठरवावे, आणि लैंगिक सुखावर तिचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, असे ते १९२० आणि ३० च्या दशकांत मराठीत लिहीत होते.

या सगळ्यात त्यांच्या बरोबर मालतीबाई होत्या, माहेरच्या गंगूबाई. दोघांनी विचार करून मूल न होऊ देण्याचे ठरवले. नवऱ्याची नोकरी गेली, लोक नावे ठेवू लागले, कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी त्यांनी साथ सोडली नाही. १९४४ साली त्या वारल्या. त्यानंतरची नऊ वर्षे कर्वे मासिक एकट्याने काढत राहिले.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, असे करणारा जगातला पहिला देश आपला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतर नोव्हेंबरमध्ये निघाला. वडील, महर्षी कर्वे, तेव्हा हयात होते, पंचाण्णव वर्षांचे. काम पुढे नेले रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी. पुण्यात संततिनियमनाचा सल्ला देत त्या वर्षानुवर्षे बसत, पुढे राज्यसभेवर गेल्या, १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट कर्व्यांवर २००१ साली आला.

त्याच सुमाराला लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीला भारतात परवानगी मिळाली.